दीनानाथ मंगेशकर

मास्टर दीनानाथ मंगेशकर (२९ डिसेंबर १९००, मंगेशी, गोवा – २४ एप्रिल १९४२, पुणे) हे मराठी संगीत रंगभूमीवरील ख्यातनाम गायकनट व बळवंत संगीत मंडळीचे एक संस्थापक होते. नाट्यपदे गाण्याची रूढ पद्धत बाजूला ठेवून त्यांनी वेगवान, आवेशपूर्ण व अनपेक्षित वळणे घेणारी गायकी रंगभूमीवर आणली. लता मंगेशकर, मीना खडीकर, आशा भोसले, उषा मंगेशकर व हृदयनाथ मंगेशकर ही त्यांची अपत्ये होत.

बालपण व शिक्षण

दीनानाथांचा जन्म गोव्यातील मंगेशी येथे झाला. वडील गणेशभट्ट मंगेशाच्या देवळात पुजारी होते, तर आई येसूबाई गायिका होत्या. गावाच्या नावावरून दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव धारण केले. गाण्याचे पहिले धडे त्यांनी बाबा माशेलकर यांच्याकडे गिरवले. पुढे रामकृष्णबुवा वझे यांचा गंडा बांधून त्यांनी शिष्यत्व पत्करले. वझेबुवांच्या जोरकस गायकीचा त्यांच्यावर कायमचा ठसा उमटला. बिकानेरच्या सुखदेवप्रसाद यांच्याकडूनही त्यांना तालीम मिळाली.

रंगभूमीवरील वाटचाल

१९१३ साली बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले. त्यानंतरच्या काळात गोड गळ्याचे व देखण्या रूपाचे दीनानाथ त्या मंडळीत दाखल झाले आणि अल्पावधीत लोकप्रिय झाले. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळीची स्थापना केली. राम गणेश गडकरी यांचा नव्या संस्थेला पाठिंबा होता. परंतु जानेवारी १९१९ मध्ये गडकऱ्यांचे निधन झाले. त्यांचे ‘भावबंधन’ हे नाटक मंडळीने त्यानंतर रंगभूमीवर आणले. त्यातील लतिकेची भूमिका दीनानाथांनी गाजवली.

वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभी’ (१९२७) मध्ये ते तेजस्विनी झाले. १९३१ साली मंडळीने विनायक दामोदर सावरकर यांचे ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक केले. सावरकर त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध होते. अशा लेखकाचे नाटक करणे परकीय राजवटीत धाडसाचे होते. या दोन्ही नाटकांच्या चाली वझेबुवांच्या होत्या.

गायनशैलीतील बदल

मराठी नाट्यसंगीताने दीनानाथांपूर्वीही वळणे घेतली होती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) मध्ये साकी, दिंडी अशा परिचित चालींचा भरणा होता. ‘मानापमान’ (१९११) मध्ये गोविंदराव टेंबे यांनी हिंदुस्थानी रागसंगीत व ठुमरीचा रंग आणला. ‘स्वयंवर’ (१९१६) मध्ये भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदे बांधली. या दोन्ही नाटकांतील पदे बालगंधर्वांच्या मृदू, लयदार व भावपूर्ण गायनामुळे घरोघरी पोहोचली आणि नाट्यपद असेच गायचे, अशी श्रोत्यांची धारणा झाली.

दीनानाथांनी या मार्गाचे अनुकरण केले नाही. पंजाबी ढंगाच्या हरकती, द्रुत ताना, तारसप्तकातील अचानक झेप आणि सम गाठण्यापूर्वी श्रोत्याला चकवणारे वळण ही त्यांच्या गाण्याची लक्षणे होती. ‘मानापमान’मधील धैर्यधराच्या भूमिकेत हा बदल विशेष जाणवला. ‘प्रेमसेवा शरण’ हे मूळ भीमपलासातील पद ते मुलतानीत गात. राग बदलल्यामुळे शब्द तेच राहूनही पदाचा भाव पालटला आणि आर्जवाच्या जागी तडफ आली. ‘रणदुंदुभी’ व ‘संन्यस्त खड्ग’ यांतील स्वातंत्र्याकांक्षेच्या आशयाला ही तेजस्वी गायकी विशेष अनुरूप ठरली.

या शैलीविषयी रसिकांत मतभेद होते. तानांच्या वेगात शब्दांचा अर्थ झाकोळतो, असा एक आक्षेप होता. दुसरीकडे, रूढ पदाला नवा प्राण देणारा कलावंत म्हणून अनेकांनी त्यांना डोक्यावर घेतले. त्यांच्या थोड्याच ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे; तरीही त्यांतून या गायकीची कल्पना येते.

खानदेशाशी संबंध

दीनानाथांची सासुरवाडी तापीकाठच्या थाळनेर (आताचा धुळे जिल्हा) येथील होती. १९२२ साली तेथील गुजराती व्यापारी हरिदास लाड यांची कन्या नर्मदा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नर्मदा यांच्या निधनानंतर १९२७ साली त्यांनी त्यांची धाकटी बहीण शेवंती (माई मंगेशकर) यांच्याशी विवाह केला. थाळनेर तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. १९९८ साली वेगळा झालेला आजचा नंदुरबार जिल्हाही त्याच जिल्ह्याचा भाग होता.

चित्रपट व अखेरचा काळ

बोलपटांच्या आगमनानंतर नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक ओसरू लागला. बळवंत मंडळीनेही चित्रपटनिर्मितीत पाऊल टाकून ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) हा चित्रपट काढला. त्याला अपेक्षित यश मिळाले नाही. मंडळी कर्जबाजारी होऊन बंद पडली. आर्थिक विवंचना व ढासळती प्रकृती यांत दीनानाथांची अखेरची वर्षे गेली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुणे येथे वयाच्या ४१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी थोरली कन्या लता १२ वर्षांची होती. कुटुंबाचा भार तिच्यावर आला.

वारसा

वसंतराव देशपांडे यांच्या गायकीवर दीनानाथांचा मोठा प्रभाव होता. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकातील त्यांच्या खाँसाहेबांच्या गाण्यात त्या आक्रमक शैलीचा पुढचा टप्पा दिसतो. पुण्यातील रुग्णालयाला व मुंबईत विलेपार्ले येथील नाट्यगृहाला दीनानाथांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त दरवर्षी मास्टर दीनानाथ मंगेशकर पुरस्कार प्रदान केले जातात.