वसईचे संत गोन्सालो गार्सिया

आपल्या मराठी मुलुखाने ख्रिस्तसभेला दिलेले पहिले संत म्हणजे गोन्सालो गार्सिया होत. त्यांचा जन्म इ. स. १५५७ च्या सुमारास वसईस झाला. वडील पोर्तुगीज, माता कोकणातली. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली शिकून ते जपानास गेले, तेथील भाषा शिकले व धर्मशिक्षकाचे काम करू लागले. त्या संघात प्रवेशाची त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. पुढे त्यांनी व्यापार केला. तोही सोडून मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले.

त्या काळी, १५८० पासून, पोर्तुगाल व स्पेन ह्या दोन राज्यांचा राजा एकच, फिलिप, हा होता. राजा एक झाला. परंतु कायदे, अधिकारी व वसाहती वेगळ्याच राहिल्या. वसई पोर्तुगीजांची, मनिला स्पॅनिशांची. ती चुरस जपानात पोहोचली आणि धर्मप्रचारकांतही वाद माजला.

१५९३ साली मनिलाहून हिदेयोशीकडे गेलेल्या वकिलातीत गोन्सालो दुभाषी होते. १५९६ साली एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास फुटले व परकीय राजाविषयीचा संशय भडकला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीस सव्वीस जणांना क्रुसावर चढविले : सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, सतरा प्रापंचिक. वादात दुरावलेले दोन्ही संघ क्रुसावर एक झाले.

दोन मुकुटांची जोड १६४० साली तुटली. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत, १७३९ साली, वसई मराठ्यांनी जिंकली. पोर्तुगालचे राजपद १९१० साली लयास गेले. गोन्सालोंना मात्र १८६२ साली नवव्या पायस ह्यांनी संतपद दिले, ते अढळ आहे.

सातारा-सांगलीच्या भाविकहो, आपल्यांत भाषेवरून वा घराण्यावरून दुरावा असेल, तर ह्या महोत्सवी वर्षी तो मिटवू या. संत गोन्सालो, आम्हांसाठी विनंती करा.