लग्न झालं, नोकरी गेली, शेवाळ सुटलं नाही!

वेल्समध्ये 'लेव्हरब्रेड' नावाचा पदार्थ मिळतो. नावात ब्रेड आहे, पदार्थात नाही! ओहोटीला खडकांवरचं लेव्हर हे काळपट-जांभळं शेवाळ खुडायचं, वाळू जाईपर्यंत धूत राहायचं आणि कित्येक तास शिजवून त्याचा लगदा करायचा. त्यात ओट्स मिसळून टिक्क्या थापायच्या, बेकनच्या चरबीत तळायच्या. सोबत छोटे शिंपले. झाला नाश्ता!

याच शेवाळाच्या मागे लागली कॅथलीन ड्रू-बेकर. जन्म १९०१चा, इंग्लंडमधल्या ली गावातला. मँचेस्टर युनिव्हर्सिटीतून तिने बॉटनीत फर्स्ट क्लास मिळवला आणि तिथेच शिकवायला लागली. करिअर एकदम सेट. १९२८मध्ये हेन्री राइट बेकरशी लग्न केलं आणि नोकरी गेली. विवाहित बायकांना नोकरीवर ठेवायचं नाही, असा तिथला नियमच होता! दुसरं कुणी असतं तर वैतागून घरी बसलं असतं. ही मात्र बिनपगारी संशोधक म्हणून लॅबमध्ये जात राहिली. पुढे दोन मुलं झाली, तरी काम चालूच.

तिला एक कोडं सोडवायचं होतं. लेव्हर वर्षातला काही काळ दिसेनासं होतं, तेव्हा ते असतं कुठे? नवऱ्याने तिला भरती-ओहोटीची टाकी बनवून दिली. शेवटी उत्तर सापडलं शिंपल्यांत. लेव्हरचे बीजाणू रिकाम्या शिंपल्यात शिरतात आणि तिथे गुलाबी तंतू होऊन वाढतात. हे तंतू म्हणजे वेगळंच शेवाळ, असं तोवर सगळे धरून चालले होते. १९४९मध्ये 'नेचर'मध्ये तिचा छोटासा पेपर आला.

तिकडे जपानमध्ये नोरीचं पीक बुडत होतं. नोरी म्हणजे सुशीला गुंडाळतात ते शेवाळ, लेव्हरचं चुलत भावंडच. शेतकरी समुद्रात जाळी लावायचे, पण बी कुठून येतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कॅथलीनचा शोध तिथल्या शास्त्रज्ञांनी उचलला. शिंपल्यांत बी वाढवून जाळ्यांवर सोडायला सुरुवात झाली आणि नशिबावर चालणारी शेती भरवशाची झाली.

कॅथलीन कधीच जपानला गेली नाही. १९५७मध्ये, वयाच्या ५५व्या वर्षी ती वारली. १९६३मध्ये उतो इथे आरिआके समुद्राकाठी तिचं स्मारक उभं राहिलं. आजही दर १४ एप्रिलला लोक तिथे जमतात आणि तिला 'समुद्राची आई' म्हणतात.

पुढच्या वेळी सुशी मागवलीत, तर भाताभोवतीचं ते काळं पान जरा निरखून बघा.