मूल वाचणाऱ्या ताराबाई

नोव्हेंबर-डिसेंबर उजाडला की आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत नर्सरीच्या प्रवेशाची चर्चा सुरू होते. तीन वर्षांच्या मुलांचे आईबाप त्यांच्याकडून रंग, आकडे आणि फळांची इंग्रजी नावे घोटून घेऊ लागतात. शाळेत मुलाखत म्हणायचे नाही, नुसत्या 'गप्पा' म्हणायचे, एवढीच काय ती सवलत. त्या पाच मिनिटांत मूल गप्प बसले की घरात सुतकी कळा येते. एरवी दिवसभर बोलून डोके उठवणारे ते मूल परक्या खोलीत, परक्या माणसासमोर, परक्या भाषेत गप्प बसले, यावरून त्याच्या बुद्धीविषयी नेमके काय सिद्ध झाले, हे मात्र कुणी विचारत नाही.

मूल कसे ओळखावे, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर विचारला त्या ताराबाई मोडक याच मुंबईच्या. १९ एप्रिल १८९२ रोजी त्यांचा जन्म येथे झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थनासमाजी, सुधारक वळणाचे. मुलीला शिकवायचे हा त्या घरात वादाचा विषयच नव्हता. ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या. पुढे लग्न होऊन त्या अमरावतीला गेल्या. पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. तो काळ ध्यानात घेतला तर या एका वाक्यात केवढे धाडस आहे, ते कळते.

राजकोटच्या स्त्री-अध्यापिका विद्यालयात त्या प्राचार्य झाल्या. पगार होता, प्रतिष्ठा होती. पण जवळच भावनगरात गिजुभाई बधेका नावाच्या वकिलाने वकिली सोडून १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले होते. १९२३च्या सुमारास ताराबाई चांगली नोकरी सोडून तेथे दाखल झाल्या. कादंबरीकार म्हणून मला या वळणाचे फार कुतूहल वाटते. अंगावर मुलीची जबाबदारी असलेली एकटी बाई प्राचार्यपद सोडून अडीच-तीन वर्षांच्या पोरांमध्ये जाऊन बसते. बँकेच्या हिशेबात हा व्यवहार मुळीच बसत नाही!

गिजुभाईंना वाट दाखवली होती ती मारिया मॉन्टेसोरी या इटालियन डॉक्टर बाईंनी. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मोठ्यांनी मुलाच्या मधे मधे करू नये. त्याला त्याच्या मापाच्या वस्तू द्याव्यात आणि तो काय करतो ते पाहावे. या पद्धतीत शिकवणे नंतरचे. शिक्षिकेचे पहिले काम पाहण्याचे आणि टिपण्याचे. मूल कोणत्या वस्तूकडे वळले, किती वेळ रमले, कुठे अडले, पुन्हा कधी आले, हे दिवसेंदिवस बघत राहायचे. बालमानसशास्त्रात निरीक्षण ही जी संशोधनाची पद्धत सांगतात, ती हीच.

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पुढे ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. मध्यमवर्गीय मराठी घरांत बालशिक्षण हा शब्द रुजला तो अशा कामांमुळे. १९३९च्या जूनमध्ये गिजुभाई गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मॉन्टेसोरीबाई स्वतः मद्रासला आल्या. गुरूचे पाय या भूमीला लागण्यापूर्वी भावनगरच्या बालमंदिरात जवळजवळ दोन दशकांचे काम झाले होते, हे विसरता कामा नये.

दादरला जम बसला होता. तेथेच थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. पण मॉन्टेसोरीची साधने महाग होती. ज्यांना ती परवडत नाहीत त्यांच्या मुलांनी काय करायचे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. त्याच वर्षी आमच्या बोरिवलीत कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. तेथे त्यांना अनुताई वाघ भेटल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या, नंतर शिक्षिका झालेल्या या बाई बोर्डीला गेल्या आणि जन्मभर तेथल्याच झाल्या.

बोर्डीत पुस्तकातल्या पद्धतीची परीक्षा होती. बालवाडी उघडली, पण वारली आणि दलित वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. ही मुले मंद, त्यांना शिक्षणाची गोडीच नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनेच त्याच्या अंगणात जायचे. झाडाखाली, झोपडीपुढच्या सारवलेल्या जागेत मुले जमवायची. आधी आंघोळ, नखे, केस. मग गाणी, खेळ, मोजणी. विकतच्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने, माती, बांबू. अंगणवाडी हा आज घरोघरी माहीत असलेला शब्द या अंगणातून आला.

१९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे पाहून पाहून आणखी एक गोष्ट उमगली. शाळेच्या वयाची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मुलगा येत नाही, कारण त्याच्यामागे गुरे असतात. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी झाली. गुरे राखणाऱ्यांसाठी शिक्षिकाच माळावर गेल्या, ती कुरणशाळा. उणीव मुलात नव्हती, वेळेत आणि जागेत होती.

यातला शास्त्रीय मुद्दा मोठा आहे. झां पियाजे या स्विस संशोधकाने आपल्याच तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून मुलांच्या विचारवाढीचे टप्पे मांडले. त्याचा एक प्रयोग स्वयंपाकघरातही करता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यायचे. मग मुलादेखत एकातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतायचे आणि जास्त कुठे, असे विचारायचे. चार वर्षांचे मूल बहुधा उंच पेला दाखवते. म्हणजे त्याला समजत नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे १९७०च्या दशकात एडिंबरोत मार्गारेट डोनाल्डसन आणि सहकाऱ्यांनी असाच एक प्रयोग जरा बदलून केला. सारख्या सोंगट्यांच्या दोन ओळी मांडल्या; पण त्यातली एक मोठ्या माणसाने नव्हे, तर एका खट्याळ टेडी अस्वलाने विस्कटली. तेव्हा कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले. मुले तीच, प्रश्नही तोच. मोठ्या माणसाचा धाक तेवढा गेला. मुलाला काय येते हे पुष्कळदा आपण कुठे, कसे आणि कोण म्हणून विचारतो यावर ठरते. ताराबाईंनी हे प्रयोगशाळेशिवाय, माळरानावर ओळखले होते.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. छोट्या दुकानदाराच्या कर्जाच्या अर्जावरून माणूस कळत नसे. घाटकोपरच्या बाजारात जाऊन त्याच्या गल्ल्याशेजारी तासभर उभे राहिले की कळे. कर्जदारासाठी आपण जेवढी तसदी घेतो, तेवढी तीन वर्षांच्या मुलासाठी घेऊ नये?

ताराबाई १९४६ ते १९५१ मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एकच पायाभूत टप्पा मानला. म्हणजे बालवाडी आणि पहिली-दुसरी यांची सांगड घातली. विकासवाडीने ती फार आधी घालून दाखवली होती. अनुताईंनी १९९२ पर्यंत कोसबादची धुरा वाहिली.

एक खंत मात्र उरते. शब्द देशभर गेला, पण पाहण्याची सवय तेवढी गेली नाही. अंगणवाडीतल्या सेविकेचा दिवस रजिस्टरे, वजने आणि खिचडी यांतच निघून जातो. आपण शहरातले लोक तर पाच मिनिटांच्या गप्पांवर मुलाचा निकाल लावतो. निदान घरी तरी एक करता येईल. आपल्या मुलाला किंवा नातवाला काही न शिकवता, न टोकता, रोज पाव तास नुसते पाहावे. हातात वही असली तर उत्तम. महिन्याभरात त्या वहीत जे मूल सापडेल, ते कुठल्याही शाळेच्या अर्जात मावणारे नसेल.