राजा केळकर म्हणजे कुणी संस्थानिक नव्हेत. चष्म्याच्या दुकानदाराने जमवलेली दौलत

भोपाळ, जवाहर चौक : लग्नकार्याच्या निमित्ताने पुण्याला गेलेली इकडची मराठी मंडळी शनिवारवाडा करतात, दगडूशेठचं दर्शन घेतात आणि वेळ उरला तर बाजीराव रस्त्यावरचं राजा केळकर म्युझियम बघून येतात. परत आल्यावर बऱ्याच जणांचा समज असा, की केळकर नावाचे कुणी राजे असावेत आणि वाड्यातलं सामान त्यांनी मांडून ठेवलं असावं. तसं काही नाही. राजा हे एका लहान मुलाचं नाव. दिनकर गंगाधर केळकर आणि कमलाबाई यांचा तो एकुलता एक मुलगा, लहानपणीच गेला. संग्रहालयाला बापाने स्वतःचं नाव न देता त्याचं दिलं.

दिनकरराव १८९६ साली जन्मले. पुण्यात ते काकासाहेब म्हणूनच जास्त ओळखले जात. घरचा धंदा चष्म्यांचा. शिवाय ते कविता करत, ‘अज्ञातवासी’ या नावाने. म्हणजे गाठीशी ना जहागीर, ना गिरणी. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. तेव्हा पैसेवाले लोक जमवायचे ती नाणी, हत्यारं, जुन्या पोथ्या, मूर्ती. काकासाहेबांनी त्याही घेतल्या, पण त्यांचा जीव खरा अडकला तो भलत्याच ठिकाणी : स्वयंपाकघरात, माजघरात आणि न्हाणीघरात.

अडकित्ता घ्या. सुपारी कातरायचं साधं हत्यार. पण कुणा कारागिराने त्याला घोड्याचं रूप दिलं, कुणी पक्ष्याचं, कुणी स्त्री-पुरुषाच्या जोडीचं. पाय घासायची वज्री, तीही पितळेची, वर नक्षीकाम, बाजूला घुंगरू. विंचवाच्या आकाराचं कुलूप. दौती, पानदानं, समया, लामणदिवे, शेवयांचे साचे, किसण्या, सोंगट्या, गंजिफा, हुक्के, कोरीव दारं, वाद्यं. ही बहुतेक १८ व्या-१९ व्या शतकातली. बनवणाऱ्याचं नाव कशावरच नाही. घरोघरी स्टेनलेस स्टील आलं तेव्हा हीच पितळ मोडीत जायला लागली, वजनावर. काकासाहेब मोडीच्या भावाच्या वर चार पैसे देऊन ती उचलत. त्यासाठी देशभर फिरले. गुजरात, राजस्थान, कर्नाटक, केरळ असं सगळीकडचं सामान त्यांच्या घरात येऊन पडलं.

हिशेबाच्या नजरेने पाहिलं तर हा धंदा आतबट्ट्याचा. माल नुसता आत येतोय, बाहेर काही जात नाही, विकायचा तर मुळीच नाही. दुकानातून येईल ते या खात्यात जिरलं. कमलाबाईंचे दागिनेही त्यात गेल्याचं सांगतात. अशा माणसाचं कौतुक करताना घरच्या बाईचं नाव शेवटच्या ओळीत येतं, इथे तसं करून चालणार नाही. मूल गेलेल्या घरात वस्तूंचे ढीग वाढत होते आणि ते पुसत, जपत राहायला त्या होत्या. १९६० पर्यंत आकडा १५ हजारांच्या आसपास गेला होता. सगळं राहत्या घरात!

साधारण याच काळात अमेरिकेत असाच एक वेडा होता, जेफरसन बर्डिक. सिराक्यूज गावातल्या विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात कामगार, अविवाहित, संधिवाताने हात वाकडे झालेले. सिगारेटच्या आणि च्युइंगमच्या पाकिटातून बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं फुकट यायची, ती तो जमवायचा. आपल्याकडे पोरं क्रिकेटपटूंची चित्रं जमवत तसंच. बर्डिकने १९३९ मध्ये अशा कार्डांची सूची छापली आणि प्रत्येक मालिकेला क्रमांक दिला. बाजारात आजही तेच क्रमांक चालतात. १९४७ पासून तो आपला ३ लाखांवरचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देत गेला. दुखऱ्या हातांनी स्वतःच अल्बममध्ये चिकटवत बसायचा. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं, मार्चमध्ये तो वारला. त्याने क्रमांक दिलेल्या एका मालिकेतलं होनस वॅग्नरचं एक कार्ड २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला विकलं गेलं. बर्डिकने कमावलं काय, तर शून्य.

दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता, पण हिशेब सारखा. टाकाऊ म्हणून फेकलेलं उचलायचं, नीट लावायचं आणि शेवटी सार्वजनिक करून मोकळं व्हायचं. फरक एवढाच, की बर्डिकची कार्डं एका खोलीत मावली असती. काकासाहेबांनी तर महालच आणला. बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष उचलून त्यांनी आपल्या संग्रहात पुन्हा उभे केले. मध्य प्रदेशातल्या वाचकांना हे दालन परकं वाटू नये. मस्तानी बुंदेलखंडची, छत्रसालाची लेक. बाजीरावाने निजामाला कोंडलं ते १७३७ च्या डिसेंबरात याच भोपाळपाशी, आणि १७४० मध्ये तो वारला तो रावेरखेडीला, नर्मदेकाठी. दोघांचं घर म्हणावं असं जे लाकूडकाम उरलं, ते मात्र एका चष्मेवाल्याने वाचवलं.

१९६२ मध्ये संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली. १९७५ मध्ये काकासाहेबांनी सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. तोवर जुन्या वस्तूंना परदेशी गिऱ्हाईक मिळू लागलं होतं. एकेक समई विकली असती तरी म्हातारपण आरामात गेलं असतं. पद्मश्री मिळाली, पुणे विद्यापीठाची डी.लिट. मिळाली. १९९० साली ते गेले, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी.

संग्रहात आज २० हजारांवर वस्तू आहेत, आणि मांडलेल्या आहेत जेमतेम अडीच हजार. बाकीच्या जागेअभावी बंद. बावधनला मोठं संकुल बांधायची योजना वर्षानुवर्षं चर्चेतच आहे. इकडे भोपाळात, जवाहर चौकातून फार लांब नसलेल्या श्यामला हिल्सवर मानव संग्रहालयाला २०० एकर मिळाले, तिथे आदिवासींची अख्खी घरं उभी आहेत; पुण्याच्या अडकित्त्यांना मात्र कपाटं पुरत नाहीत.

इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, बेळगाव, बडोदा इथल्या जुन्या मराठी घरांत माळ्यावर अजून एखादी पितळी वज्री किंवा पानदान असतं. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याच्या काट्यावर चढतं. ते काय आहे आणि कशासाठी होतं हे घरातल्या नव्या सुनेला ठाऊक नसेल, तर नातूबागेतल्या त्या तीन मजली वाड्यात ते काचेआड ठेवलेलं आहे.