धनंजयराव गाडगीळ आणि नगर रस्त्याचा हिशेब

१ जून १९४८ रोजी नगरच्या माळीवाड्याहून पुण्याकडे एक मोटार निघाली. तत्कालीन मुंबई प्रांतातील सरकारी प्रवासी वाहतुकीची ती पहिली फेरी. ज्या सेवेला सारा महाराष्ट्र एस.टी. म्हणून ओळखतो तिचा जन्म त्या दिवशीचा. पुढे बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची विजेवर चालणारी पहिली ‘शिवाई’ धावली तीही पुणे-नगर याच मार्गावर. दोन्ही प्रसंगी कौतुक झाले ते गाडीचे. गाडी कोणाच्या मालकीची असावी, कोणत्या रस्त्याने जावी, भाडे कशाच्या आधारे ठरावे आणि तूट आली तर ती कोणी सोसावी, हे प्रश्न समारंभाच्या मंडपात कोणी काढत नाही. परंतु मोटारच्या धंद्याची पद्धतशीर पाहणी एस.टी.च्या जन्मापूर्वी तेरा वर्षे पुण्यातील एका अर्थशास्त्रज्ञाने करून ठेवली होती. पुढे त्याच अर्थशास्त्रज्ञाच्या कार्याचा मोठा भाग नगर जिल्ह्याच्या भूमीशी जोडला गेला. ते अर्थशास्त्रज्ञ म्हणजे धनंजयराव रामचंद्र गाडगीळ.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा, नाशिकचा. शालेय शिक्षण नागपुरात आणि उच्च शिक्षण केंब्रिजला झाले. हिंदुस्थानच्या अलीकडील औद्योगिक स्थित्यंतरावर त्यांनी तेथे प्रबंध लिहिला आणि १९२४ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तेवीस वर्षांच्या तरुणाचा हा ग्रंथ पुढे कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला. त्यात आगगाडीला मोठे स्थान आहे. लोहमार्गांनी दुष्काळात धान्य पोहोचविणे शक्य केले आणि शेतमालाला दूरची बाजारपेठ दिली. त्याच लोहमार्गांनी कारखानी माल खेड्याच्या वेशीपर्यंत आणून गावकारागिराचा आधार काढून घेतला. मालवाहतुकीचे दर बंदराकडे जाणाऱ्या मालाला अनुकूल राहिले आणि देशांतर्गत उद्योगाची त्यामुळे अडचण झाली. नव्या यंत्राचा गुण यंत्रात जितका असतो तितकाच त्याच्या दरपत्रकात असतो, ही जाण त्यांच्या लेखनात अशी आरंभापासूनच दिसते. नगर जिल्ह्यास हे परके नव्हते. दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर १८७६-७७ च्या दुष्काळातील माणसे खपली होती आणि १८७८ मध्ये तो मार्ग खुला झाला.

मुंबई सरकारच्या अर्थखात्यात अल्पकाळ नोकरी आणि नंतर सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद, एवढ्यावर त्यांच्या आयुष्याची पहिली तीस वर्षे संपली. १९३० मध्ये रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. ग्रंथालयात बसून सिद्धांत घासण्यापेक्षा शेतात, बाजारात आणि रस्त्यावर जाऊन मोजावे, ही शिस्त त्यांनी संस्थेस लावली. पुण्याच्या फळबाजाराची पाहणी झाली आणि पाठोपाठ, १९३५ मध्ये, ल. वि. गोगटे यांच्यासह त्यांनी मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली.

हा विषय तेव्हा मोठ्या वादाचा होता. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी स्वस्त झाल्या. हप्त्याने सांगाडा घ्यावा, गावच्या सुताराकडून त्यावर लाकडी टप चढवावा आणि गाडी रस्त्यावर आणावी, असा एकेका गाडीच्या मालकांचा वर्ग उदयास आला. गाडी भरल्याखेरीज निघत नसे. निघाली की पुढच्या थांब्यावरचा उतारू आपणासच मिळावा म्हणून शर्यत लागे. भाडी पाडण्याची चढाओढ इतकी, की पेट्रोल व चालकाचा पगार भागला म्हणजे नफा झाला असे मालकास वाटे. गाडीची झीज कोणी हिशेबात धरीत नसे. तीनचार वर्षांत गाडी मोडीत निघे, मालक कर्जात बुडे आणि त्याच्या जागी तितकाच आशावादी दुसरा मालक येई. प्रवाशाला मात्र स्वस्त प्रवास मिळे, तोही दारातून. नगरहून पुण्यास आगगाडीने जायचे तर दौंडचा वळसा ठरलेला. मोटार सुप्यावरून, शिरूरवरून सरळ जाई.

रेल्वेची बाजू निराळी होती. लोहमार्गांत सरकारी भांडवल गुंतलेले आणि त्यावरील व्याज केंद्राच्या तिजोरीतून जाणारे. रस्ते १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतांकडे गेलेले. त्यामुळे मोटारीने आगगाडीचा उतारू पळविला की नुकसान दिल्लीचे आणि करउत्पन्न प्रांताचे, असा पेच पडला. १९३३ मध्ये मिचेल व कर्कनेस यांचा रस्ते-रेल्वे स्पर्धेवरील अहवाल आला, सिमल्यास परिषद भरली आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची व्यवस्था देशभर लागू झाली. या सगळ्या वादात दोन्ही पक्ष मोठ्याने बोलत होते. पण खेड्यापाड्याच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा मालक कोण, त्याच्या डोक्यावर कर्ज किती, फेरीला उत्पन्न किती आणि कर किती, याची माहिती फार थोड्यांजवळ होती. धोरण ठरण्यापूर्वी ती गोळा करण्याचे काम गोखले संस्थेने अंगावर घेतले, यात धनंजयरावांचे वेगळेपण आहे. एका तरुण संस्थेने आपल्या पहिल्या पाच वर्षांत हा विषय निवडावा हे आजही थोडे नवलाचे वाटते. विद्यापीठीय अर्थशास्त्राला बसच्या टपावर चढण्याची तेव्हा सवय नव्हती, आणि आताही फारशी आहे असे नाही.

पण आजच्या वादाला अधिक उपयोगी पडेल असे त्यांचे काम मोटारींवरचे नाही, कालव्यांवरचे आहे. नगर आणि नाशिक जिल्ह्यांतून जाणाऱ्या गोदावरी व प्रवरा कालव्यांचे आर्थिक परिणाम त्यांनी तपासले आणि तो अहवाल १९४८ मध्ये, म्हणजे नगर-पुणे एस.टी. सुरू झाली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. सरकारी दप्तरात कालव्याचा फायदा म्हणजे पाणीपट्टीची वसुली. त्या मापाने पाहिले तर दख्खनचे कालवे तोट्याचे ठरत. धनंजयरावांनी प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे लाभांचे दोन भाग पाडले. पाणी मिळालेल्या गावांतील शेती, मजुरी आणि व्यापार यांची तुलना कोरड्या गावांशी करून, पाणीपट्टीच्या पावतीवर न उमटणारा लाभ आकड्यांत मांडण्याचा प्रयत्न त्यांनी केला. पुढे जगभर सार्वजनिक प्रकल्पांच्या लाभ-खर्चाचे जे शास्त्र वाढले त्याची ही आरंभीची भारतीय वाट म्हणता येईल.

एस.टी.ला हेच माप लावले तर? १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने महामंडळांनी व्यापारी तत्त्वांवर चालावे असे सांगितले. त्याच महामंडळाकडून शासन अडनिड्या गावांना फेरी मागते, तिकिटावर प्रवासी कर घेते आणि सवलतीही जाहीर करते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास विनामूल्य झाला, मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे. सवलतीची भरपाई सरकारने द्यायची, ती वेळेवर आली नाही की तोटा महामंडळाच्या नावे लागतो. २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचाऱ्यांचा जो दीर्घ संप चालला त्याच्या मुळाशी हाच घोळ होता: महामंडळ हे दुकान की खाते? विलीनीकरणाची मागणी मान्य झाली नाही आणि प्रश्न होता तेथेच राहिला. अकोल्याच्या डोंगरातून संगमनेरच्या महाविद्यालयात रोज जाणाऱ्या मुलीचे शिक्षण, किंवा जामखेडहून नगरच्या रुग्णालयात वेळेवर पोहोचलेला रोगी, हा वाहकाच्या वेबिलावर दिसणारा लाभ नव्हे. तो पाणीपट्टीच्या पावतीबाहेरच्या लाभासारखाच आहे.

येथे एक सावधगिरी हवी. अप्रत्यक्ष लाभ हा शब्द ढिसाळ कारभाराला पांघरूण म्हणून वापरता येतो, आणि सर्रास वापरला जातो. धनंजयरावांच्या पद्धतीत तशी सोय नव्हती. लाभ सांगायचा तर तो मोजायचा, आणि कोणत्या गावात, कोणाच्या पदरात पडला हेही सांगायचे.

आकड्यांवर थांबणारा हा मनुष्य नव्हता हे प्रवरेकाठी दिसले. १९४५ मध्ये बेलापूर येथे कालव्याखालील बागायतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष धनंजयराव होते. कच्चा माल पिकवायचा शेतकऱ्याने आणि भाव ठरवायचा खाजगी कारखानदाराने, या व्यवस्थेला उत्तर म्हणून शेतकऱ्यांच्या मालकीच्या साखर कारखान्याची कल्पना आकारास आली. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून भागभांडवल जमवीत होते, वैकुंठभाई मेहता यांचा सहकार क्षेत्रातील अधिकार पाठीशी होता आणि केंब्रिजचा हा पंडित कारखान्याचा अध्यक्ष झाला. १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. सुमारे दहा वर्षे धनंजयरावांनी अध्यक्षपद सांभाळले.

साखर कारखाना हा बाहेरून रसायनाचा उद्योग दिसतो. आतून तो वाहतुकीचा उद्योग आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटते, साखर उतरते. म्हणून तोडणी, बैलगाडी, वजनकाटा आणि गव्हाण यांचे वेळापत्रक जुळणे हा कारखान्याचा प्राण. खाजगी कारखान्याला हा ऊस विकत घ्यायचा असे. सहकारी कारखान्यात गाडी ज्याची, ऊस ज्याचा, तोच भागधारक, त्यामुळे कोणाचा फड आधी तुटावा हा प्रश्न नियमाने सोडवावा लागला. यंत्रबळाच्या चर्चेतही येथे घाई झाली नाही. बैलगाडी बरीच वर्षे टिकली, कारण हंगामापुरत्या कामाला ती परवडे; ट्रक आणि ट्रॅक्टर आले ते अंतरे वाढल्यावर. एस.टी.च्या बाबतीत मात्र निवड झाली ती खाजगी मालक की सरकार, या दोनच पर्यायांतून. ज्या जिल्ह्याने सहकारी कारखाना उभा करून दाखविला, तेथील एकेका मोटारीच्या मालकांना संघटित करून सहकारी वाहतूक उभारण्याचा विचार मुख्य धोरण म्हणून पुढे आला नाही. ती जमली असतीच असे नाही. प्रयोगच झाला नाही, एवढेच नोंदवायचे.

या यशाच्या हिशेबातही एक रकाना रिकामा राहिला. ऊस तोडणारे आणि वाहणारे मजूर पाथर्डीकडून, शेजारच्या बीड जिल्ह्यातून, बिऱ्हाड गाडीत घालून येत. कारखान्याचा भागधारक मालक झाला. फडावरचा मजूर त्या सहकारात बाहेरचाच राहिला. कोरड्या तालुक्यांनी बागायती तालुक्यांना पुरविलेल्या या श्रमाची किंमत सहकाराच्या ताळेबंदात पुरती मांडली गेली नाही, आणि सहकाराच्या संस्थापकांना या टीकेतून वगळता येत नाही.

१९६६ मध्ये धनंजयराव पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीस गेले. तेथील त्यांचे लक्षात राहिलेले काम म्हणजे १९६९ चे गाडगीळ सूत्र. राज्यांना मिळणारे केंद्रीय साहाय्य तोवर बरेचसे वजनावर आणि विनवणीवर अवलंबून असे. त्यांनी त्याला माप दिले: साठ टक्के लोकसंख्येवर, दरडोई उत्पन्नात मागे असलेल्यांसाठी दहा टक्के, करप्रयत्नास दहा, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्पांस दहा आणि राज्यांच्या खास अडचणींस दहा. त्याच वर्षी बँकांच्या शाखा व पतपुरवठा जिल्हा हा घटक धरून आखावा अशी शिफारस त्यांच्या अभ्यासगटाने केली आणि त्यातून अग्रणी बँक योजना निघाली. सत्तेच्या मर्जीतून निर्णय काढून तो नियमात बसवायचा, हा उद्योग दिल्लीत फार काळ सुखाने चालणे कठीणच होते. १९७१ च्या निवडणुकीनंतर राजकारणाचा रंग पालटला आणि ते पदावरून दूर झाले. दिल्लीहून पुण्याकडे परतताना, ३ मे १९७१ रोजी, प्रवासातच त्यांचे निधन झाले.

आज विजेच्या गाड्या विकत घ्याव्यात की भाड्याने, चालक महामंडळाचा असावा की ठेकेदाराचा, तोट्याचे मार्ग बंद करावेत की नाहीत, यावर मुंबईत निर्णय होत आहेत. पाथर्डी, अकोले, जामखेड या आगगाडी नसलेल्या ठिकाणांहून सुटणाऱ्या फेऱ्यांत कोण बसते, कशासाठी बसते आणि फेरी बंद झाली तर तो माणूस काय करतो, हे त्या निर्णयांपूर्वी कळावयास हवे. १९३५ साली हे काम कागद-पेन्सिलीने आणि पायपिटीने करावे लागले. आता वाहकाच्या हातातील तिकीटयंत्र प्रत्येक थांब्याची नोंद ठेवते, तेव्हा अर्धी पाहणी आगारातच तयार आहे. उरलेली अर्धी, म्हणजे गाडीत बसून प्रवाशाला विचारणे, जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागाला दोन सत्रांत पुरी करता येईल.