हळू टच की जोरात? मज्जातंतूंची भाषा उलगडणारे एडगर एड्रियन

फोनच्या स्क्रीनवर बोट हळूच टेकवा, मग जरा दाबा. बऱ्याच फोनना यातला फरक कळत नाही, तुमच्या बोटाला मात्र लगेच कळतो. ही माहिती मेंदूपर्यंत कोणत्या रूपात जाते, हे एडगर एड्रियन यांनी शोधलं. तेही ट्रान्झिस्टरसुद्धा नव्हता त्या काळात!

एड्रियन यांचा जन्म १८८९ चा, लंडनमधला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांना कीथ लुकास हे गुरू भेटले. स्नायूचा तंतू आकसला तर पूर्ण आकसतो, नाहीतर अजिबात नाही, हे लुकास यांनी दाखवलं होतं. मज्जातंतूतला सिग्नलही असाच ऑन-ऑफ असावा, असा दोघांचा कयास. पण इथेच गोची होती. सिग्नल लहानमोठा होतच नसेल, तर स्पर्श हलका की जोरदार, हे मेंदूला कळणार कसं?

उत्तर मिळायच्या आत महायुद्ध आलं. १९१६ मध्ये दोन विमानांची हवेत टक्कर झाली आणि लुकास गेले. एड्रियन तेव्हा डॉक्टर म्हणून सैनिकांवर उपचार करत होते. गुरूंचं अपुरं पुस्तक त्यांनी १९१७ मध्ये छापून आणलं. युद्ध संपल्यावर लुकास यांची लॅबही त्यांनीच हातात घेतली.

आता खरी अडचण होती मोजण्याची. मज्जातंतूतला सिग्नल फारच क्षीण. मग रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह वापरून त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बनवला आणि सिग्नल हजारपटीहून जास्त वाढवला. १९२५ मध्ये स्वीडनहून आलेल्या झॉटरमन यांच्यासोबत त्यांनी बेडकाचा एक छोटा स्नायू घेतला. ताण ओळखणारं एकच टोक शिल्लक राहील, इतका तो कापत नेला आणि त्याला वजनं लटकवली. काय दिसलं? प्रत्येक ठोका सारख्याच उंचीचा! वजन वाढवलं की ठोके मोठे होत नव्हते, फक्त भराभर येत होते. मांजराच्या पंजाची गादी दाबून पाहिली, तिथेही तेच. म्हणजे जोर किती, हे सिग्नलच्या आकारात नाही, तर सेकंदाला किती ठोके येतात त्यात असतं. (किती तंतू जागे होतात, यावरही ते ठरतंच.)

आणखी एक गंमत त्यांना दिसली. दाब तसाच ठेवला तरी ठोके हळूहळू विरळ होतात, आणि हलक्या स्पर्शाचे तर चटकन थांबतात. अंगातला शर्ट दिवसभर जाणवत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

१९३२ मध्ये त्यांना शेरिंग्टन यांच्यासोबत नोबेल मिळालं. पण ते तिथे थांबले नाहीत. हान्स बर्गर यांनी नोंदवलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींवर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. १९३४ मध्ये एड्रियन यांनी स्वतःच्याच डोक्याला इलेक्ट्रोड लावून दाखवलं: डोळे मिटले की लहरी उमटायच्या, उघडले की गायब. १९७७ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी ते गेले.