घेरियाचा विजेता आणि अफू

विजयदुर्गाचा किल्ला कोंकणांतील आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. वाघोटण खाडीच्या मुखाशीं असलेल्या ह्या किल्ल्यास इंग्रज लोक घेरिया म्हणत. सन १७५६ च्या फेब्रुवारींत समुद्रावरून अॅडमिरल वॉटसन याच्या आरमारानें त्याजवर तोफा डागिल्या, व जमिनीवरील वाट रॉबर्ट क्लाइव्ह याच्या फौजेनें रोखिली. तुळाजी आंग्रे यांचीं गलबतें जळून खाक झालीं आणि दुसऱ्याच दिवशीं किल्ला पडला. नगर जिंकणाऱ्याविषयीं नीतिसूत्रांच्या सोळाव्या अध्यायांत जें सांगितलें आहे, तें ह्या क्लाइव्हाचें चरित्र वाचतांना आम्हांस वारंवार आठवलें.

त्याचा जन्म सन १७२५ त इंग्लंडांतील श्रॉपशर परगण्यांत झाला. १७४४ त तो कंपनीचा कारकून होऊन मद्रासेस आला. तेथें एकटेपणानें त्याचें मन अत्यंत खिन्न झालें, व ही खिन्नता त्यास जन्मभर मधून मधून ग्रासीत असे. पुढें अर्काट व प्लासी येथील जयांनीं त्याची कीर्ति व संपत्ति अपार वाढली. तो इतिहास शाळेंतील मुलांसही पाठ आहे.

त्याच्या पोटांत असह्य कळा येत. पित्ताशयांतील खड्यांमुळें त्या येत असाव्यात, असें मानितात. त्या काळीं अशा वेदनेवर अफूवांचून दुसरें प्रभावी औषध नव्हतें. पुष्कळदां ती दारूंत विरघळवून देत. क्लाइव्ह अफूकडे वळला तो चैनीसाठीं नव्हे, हें आम्ही मुद्दाम सांगतों. कारण आपल्या गांवांतील पुष्कळ जणही थकल्या अंगास आराम पडावा म्हणूनच पहिला प्याला घेतात.

अफू वेदनेचें कारण दूर करीत नाहीं. मज्जारज्जूंतून मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप तेवढा अडविते. रोज घेतल्यास शरीर तिला सरावतें, मग तितक्याच आरामास अधिक मात्रा लागते; आणि न मिळाल्यास अंग मोडतें, जुलाब होतात, झोंप उडते, जीव कासावीस होतो. इतकेंच नव्हे, तिनें पित्तनलिकेचें तोंड आवळलें जाऊन खड्यांची कळ उलट वाढूंही शकते.

दारू प्रथम मेंदूचा विवेक सांभाळणारा भाग सुस्त करिते, म्हणून लाजाळू मनुष्यही बडबडूं लागतो. मग शरीराचा तोल सांभाळणारा लहान मेंदू, व मात्रा फारच झाल्यास श्वास चालविणारें केंद्र. वर्षानुवर्षें तें विष मोडतां मोडतां यकृत निबर होतें. अफू व दारू दोन्ही श्वास मंद करितात. त्या एकत्र घेणें प्राणावर बेततें. उपदेशकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. फार दिवस पुष्कळ पिणाऱ्यानें शपथ घेऊन एकाएकीं दारू सोडिली, तर हातांस कंप सुटतो, भ्रम होतो, आंकडी येते, प्रसंगीं मृत्यूही येतो. त्याजबरोबर प्रार्थना करावीच, परंतु त्याच दिवशीं त्यास दवाखान्यांतही न्यावें.

सन १७६७ त क्लाइव्ह प्रकृति बिघडून स्वदेशीं कायमचा परतला. १७७३ त पार्लमेंटांत त्याच्या संपत्तीची चौकशी झाली. तींतून तो सुटला. (त्याच वर्षीं कंपनीनें बंगालच्या अफूचा मक्ता आपल्याकडे घेतला.) कळा, खिन्नता व अफू यांतून मात्र त्याची सुटका झाली नाहीं. तारीख २२ नोव्हेंबर १७७४ रोजीं, वयाच्या ४९ व्या वर्षीं, लंडन येथील आपल्या घरीं तो मरण पावला. त्यानें स्वतःच जीव दिला असें बहुतेक चरित्रकार मानितात. अफूची मात्रा अधिक झाली असावी, असेंही कांहींचें म्हणणें आहे. मोर्टन से ह्या गांवच्या मंदिरांत त्यास पुरिलें. थडग्यावर नांव घातलें नाहीं.